पौर्णिमेच्या बेटावर मायलेकी

फेब्रुवारीतल्या एका रविवारी लेकीचा बंगळुरूहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग जरा थांबून म्हणाली, "आई, मे महिन्यात आम्ही तिघी मैत्रिणी थायलंडला जायचं म्हणतोय. को फांगन नावाचं बेट आहे. तिथे पौर्णिमेला समुद्रकिनाऱ्यावर रात्रभर पार्टी असते. ती बघायचीय. या वेळी आधी विचारतेय."

'या वेळी' म्हणजे काय, ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना ती मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला बेळगावला जाते असं सांगून गोव्याला गेली होती. तिथे स्कूटर घसरली आणि मनगटाचं हाड मोडलं. आम्हाला बडोद्यात रात्री दीड वाजता एका अनोळखी मुलाचा फोन आला, तेव्हा कळलं. हाड सहा आठवड्यांत जुळलं. बापलेकीचं बोलणं मात्र तेव्हापासून कामापुरतंच उरलं होतं.

नाही म्हणणं सोपं होतं. पण तेवीस वर्षांची, स्वतः कमावणारी मुलगी. नाही म्हटलं असतं तर पुढच्या वेळी पुन्हा बेळगावात कुणाचं तरी लग्न निघालं असतं.

"मग मीही येते," मी म्हटलं.

पलीकडे शांतता. "पार्टीला?"

"बेटावर. पार्टीचं तिथे गेल्यावर बघू."

ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता "दोघीही वेड्या आहात" एवढंच म्हटलं. पण तिकिटं काढायच्या वेळी सगळ्यांच्या पासपोर्टची मुदत त्यांनीच तपासली.

सुरतेहून सुरत थानीला

को फांगन हे थायलंडच्या आखातातलं सुमारे १२५ चौरस किलोमीटरचं बेट. दक्षिणेला मोठं आणि श्रीमंत को सामुई, उत्तरेला पाणबुड्यांचं लाडकं को ताओ आणि मधे हे. थाई भाषेत 'को' म्हणजे बेट आणि 'हाट' म्हणजे समुद्रकिनारा. एवढे दोन शब्द कळले की इथला नकाशा वाचता येतो. बेटावर विमानतळ नाही, त्यामुळे शेवटचा टप्पा बोटीनेच.

आम्ही मुंबईहून बँकॉक आणि तिथून सुरत थानी असं विमानाने गेलो. हे नाव ऐकल्यापासून मला कुतूहल होतं. आम्ही बडोद्याची माणसं, सुरत आम्हाला शेजारची. चौकशी केली तर खरंच आपल्याच सुरतेचं नाव निघालं. १९१५ साली थायलंडचे राजे वजिरावुध यांनी या शहराचं नामकरण गुजरातमधल्या सुरतेवरून केलं आणि तिथल्या नदीलाही 'तापी' हे नाव दिलं. परक्या देशात तापीचा पूल ओलांडताना उगाच माहेरच्या वाटेवर असल्यासारखं वाटलं.

तिथून बसने दोन्साकचा धक्का आणि पुढे मोठ्या फेरीबोटीतून साधारण अडीच तास. बोटीत निम्मी पोरंपोरी पाठीवर बोचकी घेतलेली, आणि निम्मी इथली माणसं. कुणाकडे अंड्यांचे ट्रे, कुणाकडे सिलिंग फॅन, एका आजींच्या मांडीवर टोपलीत कोंबडा. ज्या बेटाला जग पार्टीचं बेट म्हणतं तिथे माणसं अंडी आणि पंखे घेऊन घरी चालली आहेत, हे बघून मला जरा धीर आला.

थोंग साला या मुख्य गावात उतरलो. इथली रिक्षा म्हणजे 'सोंगथाव', पिकअप गाडीच्या मागे समोरासमोर दोन बाकडी. नावाचा अर्थच 'दोन रांगा'. आपल्याकडच्या वडापची सख्खी बहीण म्हणा. चालक भाडं आधी सांगतो, गाडी भरली की निघतो.

पार्टी सोडून उरलेलं बेट

पार्टी होते ती बेटाच्या आग्नेय टोकाला, हाट रिनला. आम्ही मुद्दाम दुसऱ्या टोकाला, उत्तरेच्या चालोकलुम या मच्छीमार गावात राहिलो. ही माझी पहिली अट होती. घरमालकीण साठीच्या. सगळे त्यांना 'पा' म्हणायचे. थाईत थोरल्या मावशी-आत्याला तसं म्हणतात. अंगणात जाळीच्या चौकटींवर माकूल वाळत घातलेले. कोकणातल्या कुठल्याही बंदरात नाकाला ओळखीचा असतो तोच वास. लेकीच्या मैत्रिणींनी नाकाला रुमाल लावला. मी मात्र सरळ आजोळी पोहोचले.

पर्यटक यायच्या आधी हे बेट नारळावर आणि मासेमारीवर जगत होतं. अजूनही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माड आहेत आणि माडांमागे लगेच डोंगर. सगळ्यात उंच 'खाओ रा' ६०० मीटरहून जास्त आहे. बेटाचा बराचसा भाग जंगलाचा. पूर्वेला थान सदेत नावाचा ओढा आहे. 'सदेत' म्हणजे राजाची स्वारी. राजे चुलालोंगकोर्न, म्हणजे पाचवे राम, १८८८ सालापासून इथे पुन्हा पुन्हा येत राहिले आणि खडकावर त्यांची आद्याक्षरं कोरलेली आहेत. मे महिन्यात ओढ्याला पाणी बेताचंच होतं, पण खडकावर पाय सोडून बसायला तेवढं पुरलं.

वायव्येला माय हाटला गेलो. तिथे ओहोटीला किनाऱ्यापासून को मा या चिमुकल्या बेटापर्यंत वाळूचा दांडा उघडा पडतो. दोन्ही बाजूंना पाणी आणि मधून आपण चालत जायचं. आम्ही चौघी हातात चपला घेऊन निघालो. 'फांगन' या नावातही दक्षिणेच्या बोलीतला वाळूच्या दांड्याचाच शब्द आहे म्हणतात.

पश्चिमेकडे श्री थानू भागात योग आणि ध्यान शिकवणाऱ्या जागाच जागा. सूर्यनमस्कार शिकायला लोक युरोपातून इथे येतात. लेक म्हणाली, "आई, तू इथे क्लास काढ. बाबांना सांग, तुमची पेन्शन राहू द्या."

बाबांचा विषय तिने स्वतःहून काढला, हे माझ्या लक्षात आलं. मी काही बोलले नाही.

पौर्णिमा आधी विहाराची

लेकीने एक गोष्ट आधीच सांगून ठेवली होती. पार्टी ठरलेली असते पौर्णिमेची, पण आमच्या वेळची एक दिवसाने पुढे गेली होती. कारण ती पौर्णिमा 'विसाख बूचा' होती.

'बूचा' म्हणजे आपली पूजा. विसाख म्हणजे वैशाख. आपली बुद्धपौर्णिमा! थायलंडमध्ये 'माख बूचा' म्हणजे माघातली आणि 'आसाळ्ह बूचा' म्हणजे आषाढातली, आपल्या गुरुपौर्णिमेच्या सुमाराची पौर्णिमा. या सणांना जगप्रसिद्ध पार्टीसुद्धा बाजूला सरकते. जगभरातून हजारो माणसं त्या एका रात्रीसाठी येतात, बेटाचा मोठा धंदा त्यावर चालतो, तरी तारीख हलते ती पार्टीची.

त्या संध्याकाळी पा आम्हाला गावातल्या विहारात घेऊन गेल्या. विहाराला थाईत 'वाट' म्हणतात, हे ऐकून आम्ही आपसांत हसलो. "वाटेवर चला" म्हणजे देवळात चला! प्रत्येकीच्या हातात कमळाची कळी, तीन उदबत्त्या आणि एक मेणबत्ती. खांदे आणि गुडघे झाकलेले, पाय अनवाणी. पुढे भिक्खू, मागे गाव. आजोबा, शाळेतली पोरं, कडेवर बाळ घेतलेल्या बाया. मुख्य मंदिराला तीन प्रदक्षिणा घालायच्या. बोलणं जवळजवळ नाहीच. पावलांचा आवाज आणि मधेच एखादं रडणारं बाळ.

माझी मेणबत्ती वाऱ्याने दोनदा विझली. दोन्ही वेळा लेकीने आपल्या ज्योतीवर लावून दिली. वर माडांच्या झावळ्यांतून पूर्ण चंद्र आला होता.

परतताना पांनी समुद्राकडे बोट दाखवलं. आल्यापासून दररोज रात्री क्षितिजावर हिरव्या दिव्यांची रांग दिसायची. माकूल पकडणाऱ्या बोटींचे ते दिवे. त्या प्रकाशाला माकूल वर येतात. आज मात्र जवळजवळ अंधार होता. पांनी मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी सांगितलं, चंद्र एवढा असला की दिव्याचं काम होत नाही. नवरा घरी, जाळं घरी.

पौर्णिमेला मच्छीमारांची सुट्टी आणि पाहुण्यांचा धिंगाणा, असं या बेटाचं गणित आहे.

हाट रिनची रात्र

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचा करार झाला. बाहेरच्या कट्ट्यावर, कलिंगड खाता खाता. अटी माझ्या होत्या, पण दोन त्या मुलींनीच घातल्या. तिघी गेल्या की तिघीच परत येणार. ग्लास किंवा बाटली नजरेआड गेली तर ती तिथेच सोडायची. अनोळखी माणसाने दिलेलं काही प्यायचं नाही. समुद्रात उतरायचं नाही. स्कूटर नाही, ठरवलेल्या सोंगथावनेच जायचं-यायचं. रात्री एक वाजता मला मेसेज आणि चार वाजता गाडीपाशी.

"आणि अकरापर्यंत मी तुमच्याबरोबर," मी म्हटलं. तिघींनी एकमेकींकडे बघितलं. "चला काकू," त्यांतली एक म्हणाली.

ही पार्टी सुरू झाली १९८०च्या दशकात. हाट रिनवर तेव्हा मोजक्या झोपड्यावजा खोल्या होत्या आणि मूठभर प्रवासी चांदण्यात गाणी वाजवत बसले, एवढंच. ते तोंडोतोंडी पसरत गेलं. आता गर्दीच्या मोसमात एका रात्री वीस-तीस हजार माणसं येतात असं सांगतात. कोविडमध्ये सगळं थांबलं होतं, २०२२मध्ये पुन्हा सुरू झालं.

आम्ही पोहोचलो तेव्हा आठ वाजत आले होते. प्रवेशाचे पैसे भरले, मनगटावर पट्टी बांधली गेली. किनारा एक किलोमीटरही लांब नाही. पूर्वेकडे तोंड असल्यामुळे चंद्र थेट समुद्रातूनच वर येतो, कालच्यापेक्षा तासभर उशिराने. तांबूस, किंचित चेपलेला. खरं सांगते, त्या क्षणी मला तिथे आल्याचा जराही पश्चात्ताप नव्हता. शेजारी एक वयस्कर परदेशी जोडपं वाळूत बसून हातात हात घेऊन तो बघत होतं.

मग गर्दी वाढली. पावलापावलावर वेगळं संगीत. छातीत ठोके बसावेत असा आवाज. अंधारात चमकणारे रंग अंगावर काढून देणाऱ्या बायकांचे स्टॉल. एकीने माझ्या हाताच्या पाठीवर हिरवं फूल काढलं आणि पैसे घ्यायला नकार दिला. बहुधा आईंना मोफत असावं! मुलींबरोबर मीही दोन गाण्यांवर पाय हलवले. गणपतीच्या मिरवणुकीत हलवते तेवढेच.

पण दुसरी बाजूही तिथेच दिसत होती. लहान मुलांच्या वाळू खेळायच्या रंगीत बादल्या असतात ना, तशा बादल्यांत दारू, सोडा आणि उत्तेजक पेय एकत्र करून विकतात. वरून चार-पाच स्ट्रॉ. किती प्यायलो याचा अंदाजच येत नाही. नऊ वाजताच एक मुलगा वाळूत पालथा झोपला होता. लोक त्याला ओलांडून जात होते. शेवटी त्याच्या मित्रांनी त्याला प्रथमोपचाराच्या जागेकडे उचलून नेलं. पुढे पेटता दोर फिरवत होते, मोठ्या दोरीउडीसारखा, आणि पोरं त्यातून उड्या मारत होती. काठाला काचेचे तुकडे. समुद्राच्या कडेने ओळीने उभे राहिलेले पुरुष काय करत होते ते लिहायची गरज नाही.

अकरा वाजता मी लेकीला म्हटलं, "मी निघते." तिला घट्ट धरून तिथून ओढत न्यावं, असं मला वाटत होतं. तिने माझ्या खांद्यावरची ओढणी नीट केली आणि म्हणाली, "एक वाजता मेसेज करते."

एक ते चार

एक वाजला. मेसेज नाही. सव्वा, दीड. मी पांच्या अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्या कधी बाहेर आल्या कळलं नाही. त्यांनी गरम पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवला आणि शेजारी बसून नुसतंच समुद्राकडे बघत राहिल्या. त्यांनाही मुलगी आहे, बँकॉकला असते, एवढं मला माहीत होतं.

त्या अर्ध्या-पाऊण तासात गोव्याची ती रात्र मी पुन्हा जगले. तेव्हा मी निवांत झोपले होते, कारण ती बेळगावला आहे असं मला वाटत होतं. आज जागी होते, कारण ती कुठे आहे हे मला नेमकं माहीत होतं. त्या निवांत झोपेपेक्षा हे जागरण परवडलं, असं तेव्हा मनात आलं.

एक वाजून सत्तावन्न मिनिटांनी एकदम चार मेसेज आले. एक वाजल्यापासूनचे. एवढ्या गर्दीत नेटवर्क अडकलं होतं. शेवटचा होता, "आई पोचत नाहीये का मेसेज? आम्ही ठीक आहोत."

साडेचारला सोंगथावचे दिवे वळणावर दिसले. तिघी उतरल्या. वाळूने माखलेल्या, घसा बसलेल्या. दोघी सरळ झोपायला गेल्या. लेक माझ्याजवळ पायरीवर बसली.

"आई, मी त्या पेटत्या दोरातून उडी मारणार होते," ती म्हणाली. "रांगेत उभी होते. माझ्या पुढची मुलगी अडकून पडली. तिची पोटरी भाजली. मग आम्ही तिला प्रथमोपचाराला घेऊन गेलो. ती पुढे नसती ना, तर मी मारली असती उडी."

करारात दोराचा विषयच नव्हता. तिने सांगितलं नसतं तर मला कधी कळलंही नसतं. रागवायला शब्द तोंडापर्यंत आले होते. मी तिच्या केसांतली वाळू झटकली आणि म्हटलं, "बरं झालं सांगितलंस. आता अंघोळ कर, पेज करते."

जाणार असाल तर

जानेवारी ते एप्रिल हा काळ उत्तम. जुलै-ऑगस्टही बरा. ऑक्टोबर ते डिसेंबर टाळा. फुकेतला तेव्हा मोसम सुरू होत असतो, पण या बाजूला चेन्नईसारखा परतीचा पाऊस कोसळतो आणि नोव्हेंबरमध्ये सर्वांत जास्त.

पौर्णिमेच्या आसपास खोल्या महाग होतात आणि लवकर भरतात. पार्टीत रस नसेल तर अमावस्येच्या सुमारास जा. बेट शांत असतं, हिरव्या दिव्यांची रांगही दिसते. लहान मुलं किंवा ज्येष्ठ बरोबर असतील तर हाट रिनपासून दूर, उत्तरेला किंवा पश्चिमेला राहा.

घाईत असाल तर को सामुईपर्यंत विमान आणि तिथून बोटीने साधारण अर्धा तास. बजेट बेताचं असेल तर आमचा सुरत थानीचा मार्ग बरा.

इथले रस्ते, विशेषतः हाट रिनकडचे, भयंकर चढउताराचे आहेत. गुडघ्याला पट्टी बांधलेले पर्यटक जागोजागी दिसतात. स्कूटरच्या तापलेल्या सायलेन्सरने पायाला पडणाऱ्या डागाला तर गमतीने 'थाई टॅटू' म्हणतात. आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर विमाही कामाला येत नाही. सोंगथाव बरी.

पार्टीला जाणार असाल तर पायात बूट घाला, चपला नकोत. पासपोर्ट खोलीवर ठेवा, मोजके पैसे खिशात. अमली पदार्थांबाबत थायलंडचे कायदे कडक आहेत आणि ई-सिगारेट नेण्यावरही बंदी आहे.

शाकाहारींनी 'जे' हा शब्द लक्षात ठेवावा. 'जे' म्हणजे मांस-मासे नसलेलं, कांदा-लसूणही नसलेलं जेवण. नुसतं 'भाजी' म्हटलं तर त्यात माशांचा रस्सा असू शकतो. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात मात्र सगळ्यांनी खावा.

थायलंडमध्ये शिरण्यापूर्वी आगमनाचं डिजिटल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढण्यापूर्वी ते अधिकृत ठिकाणी बघून घ्या.

परतताना

दोन दिवसांनी आम्ही हाट रिनच्याच धक्क्यावरून सामुईची बोट घेतली. बोटीला वेळ होता म्हणून पार्टीच्या किनाऱ्यावर गेलो. ओळखूच येईना. पांढरी स्वच्छ वाळू, दोन कुत्री, पाण्यात खेळणारी तीन-चार मुलं. फक्त एक बाई हातात जाळीची टोपली घेऊन वाळू चाळत होती. टोपलीत स्ट्रॉचे तुकडे आणि काचा. लेक गेली आणि तिच्याबरोबर पाच मिनिटं वाळू चाळत बसली. न बोलता.

बडोद्याला विमानतळावर हे घ्यायला आले होते. गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आरशात न बघता ह्यांनी विचारलं, "कशी झाली पार्टी?"

मला वाटलं, ती "छान" म्हणेल आणि विषय संपेल. पण ती पुढच्या दोन सीट्सच्या मधे वाकली आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लागली. बोट, कोंबडा, मेणबत्ती, चंद्र, बादल्या. दोराचंही सांगितलं. ह्यांचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले ते मी पाहिलं.

सिग्नलला गाडी थांबली.

"मग त्या मुलीचा पाय बरा आहे का?" ह्यांनी विचारलं.